मोठा म्हणजे बिग, लार्ज, ग्रेट की हाय? इंग्रजीतलं योग्य विशेषण निवडायची पद्धत

मराठीत 'मोठा' हा शब्द किती ठिकाणी चालतो बघा. मोठा भाऊ, मोठा आवाज, मोठा पाऊस, मोठी चूक, मोठी रक्कम, मोठं मन आणि शाळेतली मोठी सुट्टी. इंग्रजीत याच ठिकाणी 'एल्डर', 'लाउड', 'हेवी', 'सीरियस', 'लार्ज' आणि 'जेनरस' असे वेगवेगळे शब्द लागतात. मोठ्या सुट्टीला तर विशेषणच लागत नाही, सरळ 'लंच ब्रेक' म्हणायचं.

मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला हे शब्द ठाऊक नसतात असं नाही. दहावीपर्यंत यातले बहुतेक पाठ झालेले असतात. अडतं ते लिहायला बसल्यावर, कारण आपण ते 'बिग म्हणजे मोठा, लार्ज म्हणजे मोठा, ह्यूज म्हणजे खूप मोठा' असे सुटेसुटे शिकलो. मनात 'मोठा' आला की जो इंग्रजी शब्द आधी आठवेल तो लिहून मोकळं व्हायचं, ही सवय तिथूनच लागते. मग व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर आणि तरी वाक्य वाचणाऱ्याला खटकतं.

माझ्या मते यावर उपाय एकच आहे आणि तो अवघड नाही. विशेषण शोधायला निघताना विशेषणाकडे बघू नका, त्याच्या पुढच्या नामाकडे बघा. आपल्यासाठी कोणतं विशेषण योग्य हे नाम स्वतःच ठरवत असतं. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1957 साली हेच मांडलं होतं की शब्दाची खरी ओळख त्याच्या सोबत येणाऱ्या शब्दांवरून होते. या सोबतीला इंग्रजीत 'कोलोकेशन' म्हणतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी 1 : नामाला प्रश्न विचारा

विशेषण लिहायच्या आधी क्षणभर थांबून नाम कोणत्या जातीचं आहे ते ठरवा. ती हात लावता येईल अशी वस्तू आहे का? की किंमत, वेग, ताप यांच्यासारखं आकड्यात वरखाली होणारं काही आहे? की नुसती संख्या किंवा प्रमाण आहे? आनंद, काळजी, अडचण यांच्यासारखा मनाचा अनुभव आहे? की पाऊस, वारा, वेदना यांच्यासारखी जोर असलेली गोष्ट आहे?

एवढं ठरलं की निम्म्याहून अधिक काम झालं. वस्तूला 'बिग' किंवा 'लार्ज', आकड्यात चढणाऱ्या-उतरणाऱ्या गोष्टीला 'हाय', संख्येला 'लार्ज', मनाच्या अनुभवाला 'ग्रेट', आणि जोराच्या गोष्टींना त्यांचं त्यांचं ठरलेलं विशेषण. अपवाद आहेत, पण आधी ही चौकट पक्की करावी आणि मग अपवादांकडे जावं.

पायरी 2 : बिग आणि लार्ज

घर, खोली, बॅग, शहर, कुटुंब अशा ठिकाणी दोन्ही चालतात. 'बिग हाउस' आणि 'लार्ज हाउस' यांत अर्थाचा फरक नाही, सुराचा आहे. 'बिग' घरगुती, बोलण्यातला. 'लार्ज' जरा नीटनेटका, लिहिण्यातला, मोजणी सुचवणारा. म्हणून कपड्याच्या दुकानात मापाला 'लार्ज' असतं आणि मूल आईला सांगताना 'बिग' म्हणतं.

पण दोन ठिकाणी हे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. पहिलं म्हणजे महत्त्व. निर्णय, चूक, दिवस, प्रश्न, आश्चर्य यांना आकार नसतो. त्यांचं मोठेपण महत्त्वाचं असतं आणि तिथे 'बिग' लागतं: 'बिग डिसिजन', 'बिग मिस्टेक', 'बिग डे', 'बिग सरप्राइज'. 'लार्ज मिस्टेक' कोणी म्हणत नाही.

दुसरं म्हणजे संख्या आणि प्रमाण. 'नंबर', 'अमाउंट', 'क्वांटिटी', 'प्रपोर्शन', 'स्केल', 'पॉप्युलेशन' यांच्या आधी 'लार्ज' लिहा. 'अ लार्ज नंबर ऑफ स्टुडंट्स', 'अ लार्ज अमाउंट ऑफ मनी', 'ऑन अ लार्ज स्केल'. लोकसंख्येच्या बाबतीत आपण हमखास अडखळतो. मुंबईची लोकसंख्या 'लार्ज' असते, 'मेनी' किंवा 'मोर' नसते. पण लोकसंख्येची घनता सांगायची असेल तर ती 'हाय', कारण घनता म्हणजे दर, आणि दर आकड्यात वरखाली होतो.

आणखी एक लक्षात ठेवा. पाणी, वाहतूक, काम अशा मोजता न येणाऱ्या नामांना 'बिग' आणि 'लार्ज' सहसा लागत नाहीत. 'बिग मनी', 'बिग बिझनेस', 'बिग ट्रबल' हे मोजके वाक्प्रचार सोडले तर असं नाम दिसलं की दुसरा शब्द शोधायचा.

माणसांबद्दल बोलताना इथे विशेष जपावं लागतं. 'बिग मॅन' म्हणजे धिप्पाड माणूस, किंवा वजनदार असामी. 'लार्ज वुमन' म्हणजे जाड बाई, जरा सौम्य करून सांगितलेली. 'ग्रेट मॅन' म्हणजे थोर पुरुष. आपल्याकडे जाड माणसाला कौतुकाने किंवा संकोचाने 'हेल्दी' म्हणतात, पण इंग्रजीत त्याचा अर्थ फक्त निरोगी. परदेशातल्या माणसाला 'माझी बहीण आता बरीच हेल्दी झाली आहे' असं इंग्रजीत सांगितलंत तर तो आजारातून उठल्याबद्दल अभिनंदन करेल.

वयाच्या मोठेपणाचंही एक वेगळं गणित आहे. 'एल्डर ब्रदर' बरोबर, 'बिग ब्रदर'ही बोलण्यात बरोबर. पण तुलना करताना 'एल्डर' चालत नाही. 'ही इज एल्डर दॅन मी' हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. तिथे 'ओल्डर दॅन मी' हवं. 'एल्डर' फक्त नामाच्या आधी आणि घरातल्या नात्यांसाठी. तसंच 'लहान भाऊ' म्हणजे 'यंगर ब्रदर'. 'स्मॉल ब्रदर' म्हटलं तर तो अंगापिंडाने लहान आहे असा अर्थ होतो.

पायरी 3 : 'जास्त' आणि 'कमी' यांचा सापळा

मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा रेंगाळूया.

आपण म्हणतो: किंमत जास्त आहे, ताप जास्त आहे, वेग जास्त आहे, पगार कमी आहे, मार्क कमी पडले. मनातल्या मनात 'जास्त'चं 'मोर' होतं आणि 'कमी'चं 'लेस'. मग वाक्य तयार होतं: 'द प्राइस इज मोर', 'हिज फीव्हर इज मोर', 'माय मार्क्स आर लेस'. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न येतो, कशापेक्षा जास्त? कारण 'मोर' आणि 'लेस' ही तुलनेची रूपं आहेत. तुलना नसताना ती वाक्यात लोंबकळत राहतात.

ज्या गोष्टीचा आकडा वर चढतो आणि खाली उतरतो तिला 'हाय' आणि 'लो' लावा. किंमत, तापमान, वेग, दर, पातळी, दाब, खर्च, पगार, गुण, दर्जा, धोका, अपेक्षा ही सगळी त्यातली. 'हाय फीव्हर', 'हाय ब्लड प्रेशर', 'लो सॅलरी', 'हाय मार्क्स', 'हाय स्टँडर्ड', 'हाय एक्स्पेक्टेशन्स'.

याचाच दुसरा भाग असा की वस्तूचा गुण तिच्या आकड्याला चिकटवायचा नाही. वस्तू 'चीप' किंवा 'एक्स्पेन्सिव्ह' असते, तिची किंमत 'लो' किंवा 'हाय'. गाडी 'फास्ट' असते, तिचा वेग 'हाय'. दिवस 'हॉट' असतो, तापमान 'हाय'. माणूस 'टॉल' असतो. 'हिज हाइट इज मोर' किंवा 'हिज हाइट इज टॉल' असं न म्हणता 'ही इज टॉल' म्हणून मोकळं व्हावं. मराठीत 'त्याची उंची जास्त आहे' हे अगदी सहज वाक्य आहे, म्हणूनच ते इंग्रजीत जसंच्या तसं उतरतं.

काही ठिकाणी 'हाय'ही नको असतं, वाक्यच वेगळं बांधावं लागतं. 'भाजीत मीठ कमी आहे' याला 'सॉल्ट इज लेस' नको, 'इट नीड्स मोर सॉल्ट' हवं. 'आज गर्दी जास्त आहे' याला 'इट्स व्हेरी क्राउडेड टुडे'. 'ट्रॅफिक जास्त आहे' याला 'द ट्रॅफिक इज हेवी'. स्वतःच्या तोंडून 'मोर' किंवा 'लेस' निघाला की 'कशापेक्षा?' हा प्रश्न स्वतःलाच विचारायची सवय लावा. उत्तर नसेल तर शब्द बदला.

पायरी 4 : ग्रेट

बोलताना 'ग्रेट' म्हणजे 'छानच'. 'ग्रेट मूव्ही', 'ग्रेट फूड'. लिहिताना त्याचं दुसरं काम जास्त उपयोगी आहे. हात न लागणाऱ्या, मोजता न येणाऱ्या गोष्टींचं मोठेपण 'ग्रेट' सांगतं: 'ग्रेट केअर', 'ग्रेट डिफिकल्टी', 'ग्रेट प्लेझर', 'ग्रेट रिस्पेक्ट', 'ग्रेट इम्पॉर्टन्स'. यातल्या एकाही ठिकाणी 'लार्ज' बसत नाही. निमंत्रणपत्रात 'विथ ग्रेट प्लेझर' असतं ते याच नियमाने.

जुन्या इंग्रजीत 'ग्रेट'ला जाडजूड, मोठ्या आकाराचा असाही अर्थ होता आणि तो नावांमध्ये टिकून राहिला आहे. 'ग्रेट ब्रिटन'मधला 'ग्रेट' थोरपणाचा नाही. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रदेशापासून हे मोठं बेट वेगळं ओळखावं म्हणून तो आला. पक्ष्यांच्या नावांत तर हा अर्थ आजही रोजच्या वापरात आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानाशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो माळढोक म्हणजे 'ग्रेट इंडियन बस्टर्ड'. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या दोन जाती आहेत, 'ग्रेटर फ्लेमिंगो' आणि 'लेसर फ्लेमिंगो'. तिथला 'लेसर' कमी दर्जाचा नव्हे, आकाराने लहान. बगळ्यांतही 'ग्रेट इग्रेट' आणि 'लिटल इग्रेट' आहेत. नावातलं विशेषण गोठलेलं असतं. त्याजागी 'बिग' किंवा 'स्मॉल' घालायचा अधिकार आपल्याला नाही.

पायरी 5 : जोर सांगणारी विशेषणं

पाऊस, वारा, चहा, झोप, वेदना. यांना आकारही नाही आणि आकडाही नाही. यांना असतो जोर, आणि प्रत्येकाच्या जोराला इंग्रजीने वेगळा शब्द दिला आहे. तर्काने ते शोधता येत नाहीत. भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांनी दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे: चहा 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नसतो. दोन्ही शब्दांचा अर्थ जवळजवळ एकच, तरी चहाने एक निवडला आणि दुसरा नाकारला. याला 'का' विचारून उपयोग नाही. मराठीत तरी चहा 'कडक' आणि झोप 'गाढ' का, याचं उत्तर आपल्यापाशी कुठे आहे? म्हणून ही जोडी जोडीनेच शिकायची, नाम आणि विशेषण एका दमात.

सुरुवातीला उपयोगी पडतील अशा जोड्या सांगतो. 'हेवी' जातं पाऊस, बर्फ, वाहतूक, नुकसान, दंड, कामाचा बोजा आणि व्यसन यांच्याबरोबर. खूप सिगारेट ओढणारा तो 'हेवी स्मोकर'. 'स्ट्राँग' जातं वारा, चहा, कॉफी, वास, शक्यता आणि बोलण्याची ढब यांच्याबरोबर. 'लाउड' आवाजाचं. 'मोठ्याने बोल' याला 'स्पीक इन बिग व्हॉइस' नको, 'स्पीक लाउडली' किंवा आणखी सहज 'स्पीक अप'. 'सिव्हिअर' म्हणजे झळ बसेल असं काही: वेदना, टंचाई, डोकेदुखी, दुष्काळ. 1972च्या महाराष्ट्रातल्या दुष्काळाला 'सिव्हिअर ड्राउट' म्हणायचं, 'बिग ड्राउट' नाही. 'डीप' झोपेला, दुःखाला आणि श्वासाला. 'थिक' धुक्याला आणि केसांना, 'डेन्स' जंगलाला. आजार 'सीरियस', अपघातही 'सीरियस'.

विरुद्ध शब्दही त्याच वेळी शिकून घ्या, कारण ते सरळ उलटे होतीलच असं नाही. 'हेवी रेन'च्या उलट 'लाइट रेन', 'स्ट्राँग टी'च्या उलट 'वीक टी'. पण 'स्ट्राँग विंड'च्या उलट 'लाइट विंड', आणि 'डीप स्लीप'च्या उलट 'लाइट स्लीप', 'शॅलो' मात्र पाण्यासाठी. 'सिव्हिअर पेन'च्या उलट 'माइल्ड पेन'.

पायरी 6 : टॉल आणि हाय

मराठीतल्या 'उंच'चे हे दोन भाग. ज्या गोष्टी रुंदीच्या मानाने वर गेलेल्या असतात त्या 'टॉल': माणसं, झाडं, इमारती, मनोरे. जमिनीपासून किंवा समुद्रसपाटीपासून किती वर, हे सांगायचं असेल तर 'हाय': डोंगर, भिंत, छत, ढग, फळी. कळसूबाई 1646 मीटर आहे, ती महाराष्ट्रातलं 'हाएस्ट पीक'.

या फरकाचा एक सुंदर दाखला भूगोलात आहे. समुद्रसपाटीपासून मोजलं तर 8849 मीटरचं एव्हरेस्ट हे जगातलं 'हाएस्ट' शिखर. पण हवाई बेटांवरच्या मौना केआ या पर्वताचा पायथा समुद्राच्या तळाशी आहे. तिथून माथ्यापर्यंत मोजलं तर तो 10,000 मीटरच्याही वर जातो, म्हणून त्याला 'टॉलेस्ट' म्हणतात. एकाचा माथा सर्वांत उंच जागी, दुसऱ्याची अंगची उंची सर्वांत जास्त.

उलट बाजूला माणूस 'शॉर्ट', भिंत 'लो'. इमारतही 'लो'.

पायरी 7 : स्मॉल, लिटल आणि त्यांची भावंडं

'स्मॉल' आकार सांगतो आणि तिथेच थांबतो. 'लिटल' आकाराबरोबर भावनाही सांगतो: माया, कौतुक, कीव, कधी तुच्छता. 'अ स्मॉल हाउस' म्हणजे लहान घर. 'अ नाइस लिटल हाउस' म्हणजे टुमदार घर. मराठीत 'छोटं' आणि 'छोटुसं' यांत जे अंतर आहे, तसंच काहीसं. म्हणून औपचारिक मजकुरात 'स्मॉल' सुरक्षित. 'लिटल' सहसा नामाच्या आधीच येतो. 'द हाउस इज लिटल' म्हणत नाहीत, 'द हाउस इज स्मॉल' म्हणतात. तुलनाही 'स्मॉल'चीच करावी: 'स्मॉलर', 'स्मॉलेस्ट'.

खरा धोका पुढे आहे. मोजता न येणाऱ्या नामाबरोबर 'लिटल' आला की तो नकार होतो. 'देअर इज लिटल वॉटर' म्हणजे पाणी जवळजवळ नाहीच. 'देअर इज अ लिटल वॉटर' म्हणजे थोडं पाणी आहे. एका 'अ'ने वाक्याची बाजू बदलते. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांचंही असंच. मराठीत 'थोडं आहे' आणि 'फारसं नाही' अशी वेगळी वाक्यं असल्यामुळे आपलं लक्ष त्या 'अ'कडे जात नाही. पाणीटंचाईच्या अर्जात ही चूक झाली तर अर्जाचा अर्थच उलटतो.

लहानपणाच्या इतर छटा थोडक्यात. फरक, वाढ, डोकेदुखी थोडीशी असेल तर 'स्लाइट'. दुखापत, अपघात, शस्त्रक्रिया किरकोळ असेल तर 'मायनर'. वास किंवा आवाज जेमतेम जाणवत असेल तर 'फेंट'. भेट किंवा भाषण वेळेने लहान असेल तर 'शॉर्ट' किंवा 'ब्रीफ'. आणि अतिसूक्ष्म या अर्थाचा 'मिनिट'सारख्याच स्पेलिंगचा शब्द 'माय-न्यूट' असा उच्चारायचा.

मराठीतली पुनरुक्ती इंग्रजीत नेऊ नका. 'मोठमोठ्या इमारती' म्हणजे 'बिग बिग बिल्डिंग्ज' नाहीत, 'ह्यूज बिल्डिंग्ज' आहेत. 'छोट्या छोट्या गोष्टी' म्हणजे नुसतं 'स्मॉल थिंग्ज' किंवा 'लिटल थिंग्ज'.

पायरी 8 : टोकाचे शब्द आणि तीव्रता

'ह्यूज', 'एनॉर्मस', 'व्हास्ट', 'इमेन्स', 'मॅसिव्ह' या सगळ्यांत 'खूप' आधीच भरलेलं आहे. म्हणून 'व्हेरी ह्यूज' म्हणत नाहीत. जोर द्यायचाच असेल तर 'ॲब्सोल्यूटली ह्यूज' किंवा 'रिअली ह्यूज'. 'टायनी', 'एक्सलंट', 'इम्पॉसिबल' यांनाही हेच लागू.

यांच्यातही फरक आहे. 'व्हास्ट' पसरलेल्या गोष्टींसाठी: वाळवंट, समुद्र, मैदान, आणि 'व्हास्ट मेजॉरिटी'. एखादी सुटकेस 'व्हास्ट' नसते. 'इमेन्स' मनाच्या आणि दबावाच्या गोष्टींशी छान बसतो: 'इमेन्स प्रेशर', 'इमेन्स सॅटिस्फॅक्शन'. 'मॅसिव्ह'मध्ये भक्कमपणा आणि वजन आहे. 'ह्यूज' आणि 'एनॉर्मस' कुठेही जातात, फक्त 'ह्यूज' बोलण्याकडे झुकतो. 'एनॉर्मस'वरून 'एनॉर्मिटी' हे नाम भव्यता या अर्थाने वापरायचा मोह होतो. त्याचा रूढ अर्थ घोर दुष्कृत्य असा आहे आणि जाणकार वाचक तिथे अडतात. गौरवाच्या भाषणात तर तो शब्द टाळावाच.

तुलनेत 'व्हेरी' चालत नाही. 'पुणे साताऱ्यापेक्षा खूप मोठं आहे' याला 'व्हेरी बिगर' नको, 'मच बिगर' किंवा 'फार बिगर' हवं. गंमत म्हणजे इंग्रजीतला हा 'फार' उच्चाराने आणि अर्थाने आपल्या 'फार'च्या अगदी जवळ येतो, तेव्हा लक्षात ठेवायला सोपा. याउलट साध्या विशेषणाआधी 'मच' नको: 'सो मच टॉल' नाही, 'सो टॉल'. 'टू मच बिग' नाही, 'टू बिग'.

'टू' म्हणजे नको इतकं. आपल्याकडे कौतुकाने 'टू गुड' म्हणतात आणि मित्रमंडळींत ते समजतं. पण परदेशी ग्राहकाला 'युअर रिपोर्ट इज टू डिटेल्ड' असं लिहिलंत तर त्याला ती तक्रार वाटेल. तिथे 'व्हेरी डिटेल्ड' लिहा.

'क्वाइट' जपून वापरा. ब्रिटिश माणसाचं 'क्वाइट गुड' बहुतेक वेळा 'बऱ्यापैकी' असतं, अमेरिकी माणसाचं 'क्वाइट गुड' 'चांगलंच'. आणि टोकाच्या शब्दाआधी तोच 'क्वाइट' 'पूर्णपणे' होतो: 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे साफ अशक्य. वाचणारा कुठला हे माहीत नसेल तर 'व्हेरी' किंवा 'फेअर्ली' लिहिणं बरं. 'रादर'मध्ये बहुधा नाराजीची छटा असते, 'रादर एक्स्पेन्सिव्ह' म्हणजे जरा महागच.

पायरी 9 : कुठे लिहिताय ते बघा

ऑफिसच्या अहवालात 'बिग' आणि 'ह्यूज' हलके वाटतात. 'कन्सिडरेबल डिले', 'सबस्टॅन्शियल अमाउंट', 'मेजर चेंज', 'सिग्निफिकंट इम्प्रूव्हमेंट' असे शब्द तिथे शोभतात. मात्र शोधनिबंध लिहिणाऱ्यांनी 'सिग्निफिकंट' सांभाळून वापरावा. संख्याशास्त्रात त्याला ठरलेला तांत्रिक अर्थ आहे. चाचणी न करता 'सिग्निफिकंट डिफरन्स' लिहिलं की परीक्षक आकडे मागणारच.

परदेशी शिक्षणासाठी इंग्रजीची पातळी तपासणाऱ्या आयईएल्टीएस चाचणीच्या ॲकॅडेमिक परीक्षेत पहिल्या लेखनप्रश्नात तक्ता किंवा आलेख किमान 150 शब्दांत मांडायचा असतो, आणि शब्दसंपत्ती हा मूल्यमापनाच्या चार निकषांपैकी एक आहे. तिथे वाढ आणि घट यांच्या छटा हव्यात: 'स्लाइट', 'ग्रॅज्युअल', 'मॉडरेट', 'शार्प', 'स्टीप'. 49 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर गेलेली रेषा 'ड्रमॅटिक इन्क्रीज' म्हणून सांगणं ही भाषेची आणि आकड्यांचीही चूक. विशेषण आकड्याला शोभलं पाहिजे.

पायरी 10 : शंका आली तर तपासा

'गूगल बुक्स एनग्रॅम व्ह्यूअर' हे मोफत साधन मला सगळ्यात सोयीचं वाटतं. त्यात 'हेवी रेन' आणि 'बिग रेन' इंग्रजीत स्वल्पविराम देऊन लिहा. छापील पुस्तकांत कोणता प्रयोग किती आढळतो त्याच्या रेषा समोर येतात. विशेषण सुचतच नसेल तर त्याच्या जागी * हे चिन्ह टाका आणि पुढे नाम लिहा. त्या जागी सर्वाधिक येणारे दहा शब्द दिसतात. सगळेच विशेषणं नसतील, कामाचे वेचून घ्यायचे. ब्रिटिश आणि अमेरिकी पुस्तकं वेगळी निवडायचीही सोय आहे. याहून खोलात जायचं असेल तर 1 अब्जाहून अधिक शब्दांचा अमेरिकी इंग्रजीचा कॉर्पस (प्रत्यक्ष वापरातल्या मजकुरांचा शोधता येणारा संग्रह), 'कोका', नोंदणी करून वापरता येतो.

वहीत नोंद करताना पान नामाच्या नावाने उघडा. वर 'प्रॉब्लेम' लिहा, खाली 'बिग', 'सीरियस', 'मेजर', 'मायनर'. वर 'डॅमेज', खाली 'सिव्हिअर', 'एक्स्टेन्सिव्ह', 'स्लाइट'. शब्दकोशात बघतानाही अर्थावर थांबू नका, उदाहरणाची वाक्यं वाचा. जोड्या तिथेच सापडतात.

आता एक उतारा घेऊन हे करून बघू. समजा असं इंग्रजीत लिहायचं आहे: 'यंदा आमच्या भागात मोठा पाऊस झाला. पिकांचं मोठं नुकसान झालं. उरलेला कांदा बाजारात न्यायला मोठी अडचण आली. पण लासलगावला मोठा भाव मिळाला आणि थोडा नफा झाला.'

पाऊस जोराचा, तेव्हा 'हेवी रेन'. नुकसान पसरलेलं, तेव्हा 'एक्स्टेन्सिव्ह डॅमेज टु द क्रॉप्स'. गंभीरपणावर भर द्यायचा असेल तर 'सिव्हिअर'ही चालेल, पण शेतात सगळीकडे पाणी फिरलं हे सांगायला 'एक्स्टेन्सिव्ह' जास्त नेमका. अडचण मनाला आणि कामाला जाणवणारी, तेव्हा 'विथ ग्रेट डिफिकल्टी'. भाव आकड्यात चढणारा, म्हणून 'अ हाय प्राइस'. उरला नफा. 'वी मेड अ स्मॉल प्रॉफिट' लिहिलं तर थोडा का होईना नफा झाला हे कळतं. 'वी मेड लिटल प्रॉफिट' लिहिलं तर वाचणारा समजेल की एवढा चांगला भाव मिळूनही शेतकऱ्याच्या हाती जवळजवळ काही लागलं नाही. यातलं कोणतं खरं, ते ठरवूनच शब्द लिहा.